‘पप्पा’ नावाचा फोल्डर

मी एक फोल्डर बोलतोय. कपाटात धूळ खात पडतो तो पुठ्ठ्याचा नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर छोट्या पिवळ्या पाकिटासारखा दिसतो ना, तो. माझं नाव ‘पप्पा’. माझ्यात एका माणसाचा आवाज ठेवलाय. सगळा नाही, काही आहे, काही गेला. कसा गेला आणि जो राहिला तो कसा राहिला, तेच सांगायचंय. जरा घाईघाईनं सांगितलं तर समजून घ्या. एका जागी बसून बोलायची मला सवय नाही. एका जागी मी कधी बसलोच नाही.

माझा जन्म शिरूरचा. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत महेंद्रचं घर आहे. महेंद्र रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. सकाळी कंपनीची बस पकडायची, दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पण वॉर्डात त्याला कंपनीमुळं कुणी ओळखत नव्हतं. त्याला ओळखायचे ते आवाजामुळं. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत माईक त्याच्या हातात असायचा. कुणाचं लग्न असलं की बुद्धवंदना घ्यायला महेंद्रच. मंडपातला जनरेटर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या बाईला त्याचा शब्द न् शब्द कळायचा, असं लोक अजून सांगतात.

तो आवाज बसायला लागला. आधी वाटलं, जयंतीला ओरडून बसला असेल. मग काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी पुण्याच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि स्वरयंत्राला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, चालेल, जेवेल, कामावरही जाईल. श्वास मात्र गळ्यावरच्या भोकातून घ्यावा लागेल, आणि आवाज राहणार नाही.

महेंद्रची मुलगी दीक्षा. तिचं सासर दौंड तालुक्यात, खुटबावला. दौंडच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते. बातमी कळल्यावर लॅपटॉप घेऊन ती माहेरी आली आणि म्हणाली, पप्पांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. महेंद्रला ते आवडलं नाही.

“मी काय मरायला लागलोय का?” तो म्हणाला. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता.

“मरत न्हाई म्हणूनच घेतीय,” दीक्षा म्हणाली. “तुम्ही समोर बसलेले असाल आन् आवाज नसंल, तवा मी काय करू?”

तो उठून शर्ट बदलून आला.

तेव्हा दीक्षानं मला तयार केलं. रिकामा होतो. नाव काय द्यावं याचा तिनं फार विचार केला नाही, ‘पप्पा’ लिहिलं आणि मोकळी झाली. मग दुपारभर माझ्यात आवाज येत राहिला. वंदना अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. लग्नाचा पूर्ण विधी. जयंतीला करायचा ते भाषण. मग घरच्या एकेका माणसासाठी वेगळं काहीतरी. मायासाठी, म्हणजे बायकोसाठी. दीक्षासाठी. आणि रोहनसाठी, जो त्याचा धाकटा मुलगा. त्या वेळी दीक्षासुद्धा बाहेर जाऊन बसली, कारण तो म्हणाला, ज्याचं त्यानं ऐकायचं.

मधेमधे काही आवाज असेच आले. कुकरची शिट्टी झाली आणि महेंद्र वैतागला. माईक चालू आहे का बघायला उगीच बोलला. मायानं आतून विचारलं, भाकरी करू का चपाती, त्यावर तो काहीतरी पुटपुटला आणि दोघंही हसले. दीक्षानं ते तुकडे पुसले नाहीत. त्यांनाही नावं दिली आणि माझ्यात ठेवलं.

रोहन त्या दिवशी शिफ्टला होता.

इथून माझी धावपळ सुरू झाली. दीक्षानं मला क्लाउडवर चढवलं. क्लाउड म्हणजे ढग म्हणतात, पण ढगबिग काही नाही. कुठल्यातरी लांबच्या शहरातली मोठी खोली, तिथं रात्रंदिवस घरघरणारी यंत्रं, त्यातल्या एका कोपऱ्यात मी. घरातल्यांच्या भाषेत मी ‘वर’ होतो. पण नुसता वर नव्हतो. शिरूरच्या घरी रोहननं घेतलेला कॉम्प्युटर आहे, त्यात दीक्षाचंच खातं चालू होतं. तिथं मी पूर्ण उतरलो. दीक्षाच्या लॅपटॉपमधून खुटबावला गेलो. मायाच्या मोबाईलमध्ये होतो, दीक्षाच्या मोबाईलमध्ये होतो.

एकाच वेळी पाच ठिकाणी असणं ऐकायला बरं वाटतं. तसं ते नसतं. माझ्याभोवती सतत एक छोटं चक्र फिरत असतं. इथं काही बदललं का, तिथं काही बदललं का, विचारत राहायचं. शिरूरमध्ये कुणी एका फाईलचं नाव बदललं की पळत वर जायचं, वरून पळत खुटबावला उतरायचं. याला ते सिंक म्हणतात. सगळीकडं सारखं दिसलं पाहिजे हा एकच नियम. काय चांगलं, काय वाईट, हे त्या नियमाला माहीत नसतं. एकीकडं काही आलं तर सगळीकडं येतं. एकीकडं पुसलं तर सगळीकडं पुसतं.

अजून एक गोष्ट आहे, ती लोकांच्या लक्षात येत नाही. दिसतो तिथं मी असतोच असं नाही. दीक्षाच्या लॅपटॉपमध्ये जागा कमी. म्हणून सगळं वर चढल्यावर तिनं लॅपटॉपमधली जागा मोकळी करून अशी सोय ठेवली होती की सगळ्या फायलींची नावं दिसतील, पण फाईल उघडली तरच ती खरी खाली उतरेल. उतरलेल्या फाईलपुढं हिरवी खूण येते. न उतरलेल्या फाईलपुढं ढगाचं चित्र. लॅपटॉप उघडणाऱ्याला यादी सगळी दिसायची. त्यातलं निम्मं नुसतं नाव होतं.

ऑपरेशन झालं. महेंद्र घरी आला. गळ्यावर जाळीचा रुमाल आला. कुणाला हाक मारायची तर टाळी वाजवायची, काही सांगायचं तर मोबाईलवर टाइप करायचं. कंपनीनं त्याला लाइनवरून काढून स्टोअरला दिलं. वॉर्डातल्या लग्नांना तो जायचा, पण मागं उभा राहायचा. वंदना दुसरं कुणीतरी घ्यायचं. फुलं टाकून झाली की जेवायला न थांबता निघून यायचा.

त्याच्यासमोर मला कुणी उघडायचं नाही. तो कामावर गेला की माया दुपारी इअरफोन लावून बसायची आणि तिचं ते ऐकायची. दीक्षा खुटबावला लॅपटॉपवर ऐकायची. तिनं वंदना कधी लावली नाही, भाषण लावलं नाही. ती लावायची कुकरची शिट्टी, माईकची चाचणी, आणि तिच्यासाठी बोललेलं. वाढदिवसाच्या गाण्याएवढं छोटं. तेच तेच परत.

रोहननं मला कधी उघडलं नाही. बाप-लेकाचं फारसं पटत नव्हतं. रोहननं कॉलेज अर्धवट सोडून रांजणगावला कंत्राटी कामगार म्हणून नोकरी धरली, तेव्हापासून महेंद्र त्याच्याशी बोलायचा ते रागावूनच. आवाज होता तोवर घरात वाद व्हायचा. आवाज गेला आणि वादही गेला. रोहनला वाटायचं, आपल्यासाठी जे बोललेत त्यात उपदेशच असणार. नंतर ऐकू म्हणून त्यानं ठेवून दिलं.

काही महिन्यांनी दीक्षाच्या लॅपटॉपची बॅटरी गेली. वायर काढली की बंद. ती सगळं मोबाईलवर करायला लागली आणि लॅपटॉप सासूच्या कपाटात जुन्या ओढणीत गुंडाळून राहिला. माझी एक जागा अंधारात गेली. तिथं नेट नाही, वीज नाही, चक्र नाही. मला वाटलं, आपल्याला इथं विसरले.

मग एप्रिल आला. जयंतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ, घरातल्या सगळ्या मोबाईलचे फोटो, सगळं दीक्षाच्या एकाच खात्यात चढत होतं. शेवटी पाटी आली, जागा भरली. नवीन काही चढेना. रोहन सेकंड शिफ्टला जाण्याआधी कॉम्प्युटरसमोर बसला. मोठं काय आहे ते बघितलं. त्यात मी दिसलो.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला वाटलं, वर एक आहे आणि इथं एक आहे, दोन्हींची जागा धरली जात असणार, मग इथलं कशाला ठेवायचं? वर आहेच की. त्यानं मला कॉम्प्युटरमधून काढलं. जागा तरी मोकळी होईना, तेव्हा त्यानं खात्यातली कचरापेटीही रिकामी केली. ‘कायमचं पुसायचं का?’ असं विचारलं होतं. हो म्हणून तो बस पकडायला धावला.

वर मी राहिलो नाही. शिरूरमध्ये राहिलो नाही. दोन्ही मोबाईलमधून गेलो. एकीकडं पुसलं की सगळीकडं पुसतं. नियमानं आपलं काम केलं. फक्त खुटबावच्या कपाटात ओढणीत गुंडाळलेला जो मी होतो, त्याला अजून निरोप पोचला नव्हता. लॅपटॉप चालू झाला, नेटला लागला, की पोचणार होता.

तुमच्याशी बोलतोय तो हा मी. बाकीचं मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

दुसऱ्या दिवशी महेंद्र कामावर गेल्यावर माया इअरफोन घेऊन बसली. मोबाईलमध्ये मी सापडेना. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं रोहनला उठवलं. त्यानं मोबाईल बघितला, कॉम्प्युटर लावला, आणि पलंगाच्या काठावर बसून राहिला. माया विचारत होती, काय झालं रे, काय झालं. त्यानं दीक्षाला फोन केला.

दीक्षानं आधी नीट ऐकून घेतलं. काय काढलं, कुठून काढलं, कचरापेटी रिकामी केलीस का. मग म्हणाली, माझा लॅपटॉप घरी बंद पडलाय. त्यात असतील. पण तो नेटला लागला तर तिथूनही जातील. मी आत्याला फोन करते, तू निघ.

आत्या म्हणजे तिची सासू, गिताबाई.

आता खुटबावला काय चाललं होतं ते ऐका. दीक्षाचा नवरा भिमा दूध संकलनाच्या गाडीवर आहे. त्याला त्या दिवशी सुट्टी, आणि दुपारी क्रिकेटची मॅच. घरातला टीव्ही बिघडलेला. मोबाईलवर डोळे दुखतात म्हणून त्यानं कपाटातून लॅपटॉप काढला, ओढणी सोडली, चार्जर लावला आणि बटण दाबून अंघोळीला गेला.

किती दिवसांनी उजेड दिसला. मला आनंदच झाला. पंखा घरघरला, पडदा उजळला, जुना लॅपटॉप हळूहळू जागा व्हायला लागला. माझं चक्र फिरायची तयारी करत होतं. वर विचारणार होतं, काही नवीन आहे का? वरून उत्तर येणार होतं, आहे, काढून टाका. मला त्याची काही कल्पना नव्हती. मी उतावीळ होतो.

तेवढ्यात भिमाचा मोबाईल वाजला आणि गिताबाईनं उचलला. दीक्षा म्हणाली, आत्या, लॅपटॉप कुठाय? गिताबाई म्हणाली, हा काय समोरच, भिमानं लावलाय मॅच बघायला. पलीकडून दीक्षाचा आवाजच बदलला. ती म्हणाली, कोपऱ्यातल्या लाइट लुकलुकणाऱ्या डब्याची वायर काढा. आधी काढा, मग बोला.

गिताबाई गेली आणि घाईत टीव्हीच्या डब्याची वायर काढून आली. काढली, म्हणाली. लॅपटॉपवर काय दिसतंय, दीक्षानं विचारलं. गिताबाईला वाचता येतं, पण तिथलं सगळं इंग्रजीत. ती म्हणाली, गोल गोल फिरतंय.

“आत्या, माझ्या पप्पांचा आवाज हाय त्यात,” दीक्षा म्हणाली. “नेट लागलं तर पुसला जाईल.”

गिताबाईनं पुढं काही विचारलं नाही. ती दाराजवळ गेली आणि घराचा मेन स्विच खाली ओढला.

सगळं एकदम विझलं. लॅपटॉपला बॅटरी नव्हतीच. अंघोळीच्या खोलीतून भिमा ओरडला, लाइट गेली का? गिताबाईनं त्याला सांगितलं, गेली न्हाई, मी घालवली. आन् मी म्हनंपर्यंत कुनी हात लावायचा न्हाई. मग खुर्ची ओढून ती मेन स्विचखाली बसली. उन्हाळ्याची दुपार, पंखा नाही, मॅच नाही. भिमा ओल्या अंगानं तिच्याकडं बघत राहिला. मी अंधारात गेलो होतो. मला वाटलं, कुणाचा तरी राग आलाय.

दीक्षा दौंडहून स्कूटीवर आली. रोहन शिरूरहून निघाला तेव्हा मायानं त्याला एकट्याला सोडलं नाही. किल्ली हातात असून तो गाडीची किल्ली शोधत होता. तिनं महेंद्रला कंपनीतून बोलावून घेतलं, काय घडलंय ते सांगितलं, आणि म्हणाली, तुम्ही मागं बसा. महेंद्रनं ऐकून घेतलं. गळ्यावरचा रुमाल घट्ट केला, वर गमछा गुंडाळला, कारण रस्त्याची धूळ आता त्याच्या नाकात नाही, सरळ छातीत जाते. निमोण्यावरून न्हावरा, पुढं पारगावचा भीमेवरचा पूल. बाप-लेक एका गाडीवर बसून आले. वाटेत बोलणं झालं नाही. एकाला येत नव्हतं, दुसऱ्याला सुचत नव्हतं.

आल्यावर गिताबाई उठली. जय भीम झाला. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.

दीक्षानं आधी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले, कारण तिच्या मोबाईलचं नेट लॅपटॉपला पाठ होतं. मग वायफायचा डबा भिंतीवरून काढून गिताबाईच्या मांडीवर ठेवला. एवढं झाल्यावर मेन स्विच वर केला. लॅपटॉप पुन्हा हळूहळू जागा झाला. माझ्या चक्रानं वर हाक मारली. उत्तर आलं नाही. कोपऱ्यात खूण आली, नेट नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर आलं नाही आणि त्यामुळंच मी वाचलो.

दीक्षानं मला उघडलं. यादी सगळी दिसली तेव्हा रोहनच्या तोंडून सुस्कारा निघाला. त्याला वाटलं, मिळालं. पण दीक्षाचं बोट यादीवरून खाली खाली जात होतं. हिरवी खूण. ढग. ढग. हिरवी खूण. ढग. तिनं वंदनेवर दाबलं. पाटी आली, ही फाईल उघडायला नेट लागेल.

“मग लाव की नेट,” गिताबाई मांडीवरचा डबा पुढं करत म्हणाली.

“लावलं तर हायेत तीबी जातील, आत्या. आन् ही तर वर आता न्हाईतच.”

मी काय बोलणार? माझ्याकडं त्यांची नावं होती. नाव दाखवून मी इतके दिवस सगळ्यांना फसवत आलो की काय, असं मला वाटलं. पण मला तसंच सांगून ठेवलं होतं.

दीक्षानं हिरव्या खुणेच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. नीट आल्यात का बघायला एक लावली. माईकच्या चाचणीची होती.

खोलीत महेंद्रचा आवाज आला. हॅलो, हॅलो म्हणत होता. चालू हाय का गं, असं दीक्षाला विचारत होता. मग कुकरची शिट्टी, आणि तो वैतागून म्हणाला, “माया, ते आधी बंद कर, न्हाईतर लोक म्हणतील बोलतोय कोण, मी का कुकर.” मग मायाचं हसू.

गिताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. व्याही बोलायला लागल्यावर करते तसाच. भिमा दारात उभा होता तो आत येऊन खाली बसला.

महेंद्रनं तो आवाज ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकला. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं बोट फिरवून खूण केली, परत लाव. दीक्षानं परत लावली. या वेळी तो हसला. त्याच्या हसण्याला आवाज नसतो, खांदे तेवढे हलतात.

रोहन मात्र यादीकडंच बघत होता. शेवटी एक नाव होतं, ‘रोहनसाठी’. पुढं ढग.

“ताई, हे तू कधी उघडलं न्हाईस?”

“तुझं होतं ते. मी कसं उघडू?”

रोहननं मान हलवली. मग बापाकडं वळून म्हणाला, “पप्पा, काय होतं त्यात?”

महेंद्रनं खिशातून मोबाईल काढला, पण तो तर बंद. त्यानं हातानं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, ओठ हलवले. रोहनला कळलं नाही. त्यानं पुन्हा केला. तरी कळलं नाही. महेंद्र उठून अंगणात गेला. रोहन त्याच्या मागं गेला नाही. भिंतीला टेकून बसला आणि रडला. दीक्षाला त्याच्यावर ओरडायचं होतं, वाटेत तिनं काय काय ठरवलं होतं. तिनं फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर मी काही दिवस पेनड्राइव्हमध्ये होतो. तिथं फार शांत असतं. ना वर, ना खाली. मला ती शांतता सोसली नाही. पळायची सवय लागलेल्याला बसवून ठेवल्यासारखं झालं.

रोहननं वेगळंच काम हाती घेतलं. वॉर्डात ज्यांची ज्यांची लग्नं महेंद्रनं लावली होती, त्यांच्या घरी तो जायला लागला. लग्नाचा व्हिडिओ आहे का? कुणाकडं जुन्या सीडीत होता, कुणाच्या मोबाईलमध्ये. शेवंताबाई नावाच्या म्हातारीनं तर तीन पोरींच्या तिन्ही लग्नांच्या सीड्या त्याच्यापुढं टाकल्या आणि बजावलं, एकाच पोरीचं घेऊ न्हको, सगळ्यांचं घे, न्हाईतर भांडतील. त्यातून वंदना मिळाली. मागं पोरं रडतायत, खुर्च्या सरकतायत, फोटोवाला नवरीला मान वर करायला सांगतोय, आणि त्या सगळ्यावर महेंद्रचा आवाज. दीक्षानं घरात दार लावून घेतलेल्या वंदनेपेक्षा ही मला भारी वाटते. माझ्यात आता गर्दी झालीय.

जयंतीच्या जुन्या व्हिडिओंत भाषणाचे तुकडे सापडले. मायाचं तिला तोंडपाठ आहे, पण आवाज गेला तो गेलाच. आणि ‘रोहनसाठी’ कुणाच्या लग्नात सापडणार नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी महेंद्रनं कपाट उघडून एक डबी काढली. त्यात गळ्याला लावायचं यंत्र होतं. दवाखान्यातून मिळालं होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की घोंघावल्यासारखा, एकसुरी आवाज येतो; शब्द कळतात, पण माणूस ओळखू येत नाही. एकदा लावून बघितलं होतं आणि मोबाईलवर लिहिलं होतं, हा मी नाही. तेव्हापासून ते डबीत होतं.

तो रोहनसमोर बसला. दीक्षा आलेली होती; तिला त्यानं मोबाईल चालू करायची खूण केली. पण या वेळी कुणाला बाहेर घालवलं नाही.

यंत्राचा आवाज आला तशी मायानं साडीचा पदर तोंडाला लावला. महेंद्र थांबत थांबत बोलला.

“त्यात रागावनं न्हवतं,” तो म्हणाला. “तू ल्हान होतास. घोड नदीवर तुला पवायला शिकवलं. तू माझ्या मानंला गच्च धरलं होतंस. मी म्हनायचो सोड, तू सोडत न्हवतास. मग सोडलंस. आन् पवलास. तेवढंच सांगितलं होतं.”

रोहन ऐकत होता. महेंद्रनं यंत्र खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, संपलं. मग त्यानं ते पुन्हा उचललं.

“आता मला पान्यात उतरता येत न्हाई. गळ्यातून पानी जातं. तू जात जा. मी काठावर बसंन.”

दीक्षानं रेकॉर्डिंग बंद केलं. फाईलचं नाव लिहायला ती थांबली, तर रोहननं मोबाईल मागून घेतला आणि स्वतः लिहिलं, ‘रोहनसाठी’. तेच नाव. आत आवाज दुसरा.

आत्ता मी शिरूरला आहे. दीक्षानं नवीन खातं उघडलंय, फक्त माझ्यासाठी. त्यात कुणाच्या मोबाईलचे फोटो येणार नाहीत. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये गिताबाईच्या कपाटात राहणार आहे, ती नेटला लावायची नाही असं ठरलंय. बाकीचा मी पुन्हा वर चाललोय. आधी होता तो मीच का, की कुणी दुसरा, हे मला विचारू नका. त्या नावाचा आहे एवढं खरं.

जाता जाता एक मागणं. तुमच्याकडंही माझ्यासारखा कुणी असेल. कुणाचा आवाज, कुणाचं हसणं, कुणाचं बाळ पहिल्यांदा चालतानाचं. त्याचं नाव दिसतंय म्हणून निवांत राहू नका. एकदा उघडा. आत माणूस आहे का नुसता ढग, ते आजच बघा. आणि पुसायच्या आधी घरात एकदा विचारा.

रोहन खुर्चीत बसलाय. फाईल वर चढतेय, नेट आज फार हळू आहे. बाहेर त्याच्या कंपनीची बस दोनदा हॉर्न देऊन गेली, तो उठला नाही. महेंद्र त्याच्या मागं उभा राहून पडद्याकडं बघतोय, हात खुर्चीच्या पाठीवर. चक्र फिरतंय. शेवटची फाईल तेवढी राहिलीय.

झालं. सुटतोय. येतो मी.